ञ ञामचा

पहिलीच्या वर्गात भिंतीवर टांगलेला अक्षरांचा तक्ता आठवतो का? क कमळाचा, ख खडूचा, ग गवताचा, घ घराचा. आणि मग येतो ङ. ङ कशाचा? कशाचाच नाही! चौकोन रिकामा. पुढच्या ओळीत च चमच्याचा, छ छत्रीचा, ज जहाजाचा, झ झबल्याचा आणि ञ पुन्हा रिकामा. मी रायगड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, "बाई, ह्या अक्षरांची चित्रं हरवली का हो?"

तर त्यांतलं एक चित्र मला सापडलं. कुठं, माहीत आहे? कंबोडियात!

नकाशाची वही काढा बघू. बंगालच्या उपसागरापलीकडं थायलंड आहे, त्याच्याही पलीकडं व्हिएतनाम. या दोघांच्या मधे बसलेला छोटा देश म्हणजे कंबोडिया. अंकोर वटचं प्रचंड देऊळ ज्या देशाच्या झेंड्यावर आहे, तोच हा. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी तिथल्या सूर्यवर्मन राजानं ते बांधलं आणि त्याच्या भिंतींवर समुद्रमंथन आणि कुरुक्षेत्राचं युद्ध कोरून घेतलं. तिथं मी २०१८ च्या नोव्हेंबरपासून २०१९ च्या एप्रिलपर्यंत राहिले. देवळं बघायला नव्हे हं, इंग्रजी शिकवायला. पगार नाही. राहायला जागा, दोन वेळचं जेवण आणि वर्ग. विमानाचं तिकीट माझ्या साठवलेल्या पैशांतलं आणि शाळेतून काढलेली बिनपगारी रजा.

आमचे बाबा एसटीतून निवृत्त झालेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इथं पोरं कमी पडली का तुला?"

प्रश्न रास्त होता. त्यांना मी तेव्हा जे उत्तर दिलं तेच तुम्हांला सांगते. माझ्या वर्गात कातकरीवाडीवरची मुलं येतात. घरी ती जी भाषा बोलतात ती पुस्तकातल्या मराठीपेक्षा बरीच वेगळी. पहिलीत आली की काही जण महिना-महिना एक शब्द बोलत नाहीत. टुकूटुकू बघत बसतात. त्यांच्या डोक्यात तेव्हा काय चालत असेल, हे मला कुठल्याही प्रशिक्षणात कळलं नव्हतं. जिथं आपलं एक अक्षर कुणाला समजत नाही अशा जागी एकदा जाऊन राहावं, असं मनात फार दिवस होतं. तशात एका छोट्या संस्थेची माहिती मिळाली. त्यांना शिक्षक हवे होते. बाबा म्हणाले, "बरं, जा. पण लोणचं घेऊन जा."

राजधानी नॉम पेन्हहून बसनं सुमारे तीनशे किलोमीटर गेलं की बाटंबांग नावाचं शहर लागतं. नावाचा अर्थ मजेशीर आहे, 'हरवलेला सोटा'! एका राजाचा जादूचा सोटा हरवला अशी तिथली दंतकथा आहे, आणि तो सोटा घेऊन बसलेल्या राजाचा भलामोठा काळा पुतळा शहराच्या तोंडाशीच आहे. आमचं गाव तिथून आणखी आत. दोन्ही बाजूंना भातखाचरं आणि बांधांवर ताडाची झाडं. माड सोडून ताड, एवढाच काय तो फरक. बाकी मला वाटलं, पेण सोडून आपण आलोच नाही!

मी एका आजींच्या घरी राहायची. तिथं आजीला 'येय' म्हणतात. घर लाकडी, जमिनीपासून पुरुषभर उंच खांबांवर उभं. वर झोपायचं आणि दिवसभर घराखालच्या सावलीत वावरायचं. तिथंच चूल, तिथंच कोंबड्या, तिथंच झोपाळ्यासारखी बांधलेली झोळी. पावसाचं पाणी साठवायला माणूस मावेल एवढे रांजण. आंघोळ त्या रांजणापाशी, अंगाला लुंगी गुंडाळून, तांब्यानं. आमच्याकडं बायका विहिरीवर करतात तशीच.

सगळ्यांना वाटतं, परदेशात जेवणाचे हाल होतात. माझे मुळीच झाले नाहीत. सकाळी उठले तर येयनं पुढ्यात काय ठेवलं असेल? पेज! गरम पेज आणि तोंडी लावायला खारवलेला मासा. तिकडं तिला 'बॉबॉ' म्हणतात. मी पहिला घोट घेतला आणि मला हसूच आलं. एवढी तीन-तीन विमानं बदलून आले ती आमच्या आजीच्या ओट्यावर! मासे कुस्करून, मीठ घालून, महिनोन्‌महिने मुरवलेलं 'प्राहोक' म्हणून एक असतं. त्याच्या वासानं भलेभले पाहुणे पळतात म्हणे. पण जिच्या घरी पावसाळाभर सुकट नि बोंबील असतात तिला त्याचं काय? एकाच गोष्टीची फार आठवण यायची, दूध घातलेल्या आल्याच्या चहाची. पाच महिने नुसता कोरा चहा!

अवघड होतं ते वेगळंच.

पहिल्या दिवशी, १२ नोव्हेंबरला, मी वर्गात गेले. वर्ग म्हणजे वर पत्रा, बाजूंनी मोकळं, आत बाकं आणि एक पांढरा फळा. तिथल्या बऱ्याच सरकारी शाळा दोन पाळ्यांत भरतात. अर्धी मुलं सकाळी, अर्धी दुपारी. उरलेल्या वेळात मुलं या इंग्रजीच्या वर्गाला येतात. पांढरा सदरा, निळा परकर किंवा निळी पॅन्ट अशी पस्तीसेक मुलं उभी राहिली. हात जोडून त्यांनी नमस्कार केला, अगदी आपल्यासारखाच. आणि मग सगळी जण मान वाकडी करून माझ्या मागं बघायला लागली. मीही वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं! ती इंग्रजीच्या बाईंना शोधत होती. गोऱ्या बाईंना!

"टीचर अमेरिका?" एकानं विचारलं.

"इंडिया," मी म्हटलं.

चेहरे पडले. खोटं कशाला बोलू? स्वच्छ दिसलं. एक मुलगा फारच चौकस होता. त्यानं विचारलं, "घरी इंग्लिश बोलता?" मी म्हटलं, "नाही, मराठी." त्याला बिचाऱ्याला बसवेना. इंग्रजी शिकवायला आलेली बाई, आणि हिच्या घरी इंग्रजी नाही?

तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. बारा-तेरा वर्षांची, दोन वेण्या. तिला माझा देश, रंग, काही विचारायचं नव्हतं. तिनं विचारलं, "टीचर, व्हेन यू गो?"

म्हणजे, तुम्ही परत कधी जाणार?

येऊन दहा मिनिटं झाली नव्हती! पण तिनं इतक्या साधेपणी विचारलं होतं, एसटीची वेळ विचारावी तसं. मी म्हटलं, "१२ एप्रिलला." तिनं वहीच्या मागच्या पानावर बोटं मोडत हिशेब केला, फळ्यापाशी आली आणि वरच्या कोपऱ्यात आकडा लिहिला, १५१. एकशे एक्कावन्न दिवस. त्यानंतर रोज वर्ग सुरू होण्याआधी ती यायची, आकडा पुसायची आणि एकानं कमी करून लिहायची. सुट्टीनंतर आली की तेवढे दिवस एकदम वजा.

तिचे आई-वडील थायलंडात मजुरीला होते. बाटंबांगपासून थायलंडची सरहद्द जवळ. तिकडं मजुरी जास्त, त्यामुळे गावातले कितीतरी तरुण आई-बाप तिकडं, आणि मुलं आजी-आजोबांजवळ. तुमच्यापैकी कुणाचे आई-वडील ऊसतोडीला जात असतील, किंवा मुंबईला कामाला असतील, तर तिला तो आकडा का लागत होता, हे तुम्हांला मी समजावून सांगायला नकोच.

पहिले काही आठवडे मी जवळजवळ मुकी होते. वर्गात इंग्रजीत बोलायचं, तेही अगदी थोडं. वर्गाबाहेर काहीच नाही. येयशेजारी बसून भाजी निवडायची, बायका हसल्या की हसायचं. कशाला हसल्या, ते कळत नसे. आपल्याविषयीच बोलत असतील का, असं सारखं वाटे. संध्याकाळी सहाला अंधार पडे, बेडकांचा कल्ला सुरू होई आणि छपरातली मोठी पाल 'तॉ-के, तॉ-के' ओरडायला लागे. त्या वेळी कुणी फक्त "काय गं, काय करतेस?" असं मराठीत म्हणावं, यासाठी मी काय वाटेल ते दिलं असतं. आमच्या वाडीवरची ती गप्प मुलं तेव्हा रोज डोळ्यांपुढं यायची. बाहेरून तो गप्पपणा शांत दिसतो. आत किती गडबड असते!

मला बोलतं केलं ते मुलांनी. तेही इंग्रजीत नव्हे.

एकदा मी फळ्यावर माझं नाव इंग्रजीत लिहिलं आणि सहज खाली देवनागरीतही लिहिलं. मुलं म्हणाली, "हे काय?" म्हटलं, आमची अक्षरं. म्हणाली, सगळी लिहा. मी लिहायला लागले आणि मोठ्यानं म्हणायला लागले, क, ख, ग, घ, ङ. वर्ग चिडीचूप. मग एकदम आरडाओरडा! दोघं-तिघं धावत आले, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि माझ्या ओळीखाली त्यांच्या ख्मेर भाषेतली अक्षरं भराभरा लिहीत गेले. कॉ, खॉ, को, खो, ङो. पाचच्या पाच, त्याच क्रमानं! पुढची ओळ च-वर्गाची. मग ट, मग त, मग प. अक्षरांची वळणं निराळी, वेलबुट्टीसारखी. उच्चारही थोडे सरकलेले. पण रांग तीच. त्यांची लिपी दक्षिण भारतातल्या जुन्या पल्लव लिपीवरून तयार झाली आहे. व्यंजनं तेहतीस. दीड हजार वर्षांपूर्वी कुणी व्यापारी, कुणी पंडित गलबतातून तिकडं गेले, आणि सामानाबरोबर ही अक्षरांची रांगही गेली.

मग मी मुद्दाम विचारलं, "ङ कशाचा?" आमच्या तक्त्यातला रिकामा चौकोन डोळ्यांपुढं होता ना! त्यांनी क्षणात सांगितलं, "ङिआय!" म्हणजे सोपं. आणि ञ? "ञाम!" ञाम म्हणजे खाणं. ञ ञामचा! इतकी वर्षं हरवलेलं चित्र, ताटावर बसून जेवणारं, मला तिथं सापडलं. मी ङिआय म्हणायला गेले की वर्ग खो-खो हसायचा. ङ नं सुरू होणारा शब्द म्हणायला आपली जीभ तयारच नसते. करून बघा!

त्या दिवसापासून शेवटची दहा मिनिटं मी बाकावर आणि मुलं फळ्यापाशी. ती माझे मास्तर. मास्तर म्हणून फार कडक, बरं का! उच्चार दहा-दहा वेळा घोटून घ्यायची. शाळेला ती 'साला' म्हणतात, आपल्या शाळेवरून. शिक्षकाला 'क्रू', गुरूवरून. 'ऑ कुन' म्हणजे आभारी आहे, त्यातला कुन म्हणजे आपला गुण. सोमवार 'चान', म्हणजे चंद्र. बुधवार 'पुत', शुक्रवार 'सोक'. मंगळवार कोणता, ओळखा? 'आँकिआ'. आपली अंगारकी चतुर्थी मंगळवारीच येते ना! आणि इंग्रजी महिन्यांना त्यांनी नावं दिली आहेत राशींची. जानेवारी मेकारा, फेब्रुवारी कुम्फेआ, मार्च मीना, एप्रिल मेसा. मकर, कुंभ, मीन, मेष! मी आपली बाराही महिने एका दमात पाठ म्हणून दाखवले आणि टाळ्या मिळवल्या.

आकडे मात्र त्यांचे त्यांचेच. पाचपर्यंत मोजायचं, मुय, पी, बेइ, बुअन, प्राम. मग सहा म्हणजे 'प्राम-मुय', पाच-एक. सात पाच-दोन, आठ पाच-तीन, नऊ पाच-चार. पाठांतर किती कमी! गंमत म्हणजे मी परत आले आणि जून २०१९ मध्ये आपल्याकडं दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकावरून केवढा गदारोळ झाला. एकवीसला 'वीस एक' म्हणायचं की नाही, म्हणून. वर्तमानपत्रं भरून गेली. मला आपली फळ्यापुढची 'पाच-एक, पाच-दोन' म्हणणारी पोरं आठवत होती. माझं मत विचाराल तर दोन्ही शिकवावं. एकोणसत्तर म्हटल्यावर ज्याच्या पोटात गोळा येतो त्याला 'साठ नऊ' म्हणू द्यावं. असो.

काही सवयी मोडायला वेळ लागला. आपल्याकडं मुलानं छान उत्तर दिलं की बाईंचा हात आपसूक त्याच्या डोक्यावर जातो. तिकडं डोकं पवित्र मानतात, दुसऱ्याच्या डोक्याला हात लावायचा नाही. हे मला आधीच सांगितलेलं होतं, पण हाताला कुठं माहीत? तो निघायचाच, आणि मी अर्ध्यावर थांबवायची. शेवटी मुलांनीच तोड काढली. हात वर निघाला की ती आपला तळवा पुढं करायची, आणि मी टाळी द्यायची.

आता खऱ्या कामाचं सांगते. वर्गाच्या एका खांबावर फोटो चिकटवलेले होते. आधी येऊन गेलेल्या स्वयंसेवकांचे. कुणी दोन आठवडे, कुणी तीन, कुणी महिनाभर. सगळी मनापासून आलेली माणसं, हसरी. पण प्रत्येकानं आल्यावर शिकवलं काय? एबीसीडी, रंग आणि प्राण्यांची नावं! त्यामुळे मुलांना जिराफापासून पेंग्विनपर्यंत सगळं तोंडपाठ. आणि पोट दुखतंय, हे सांगता येत नाही. बाजारात ही वस्तू केवढ्याला, हे विचारता येत नाही. ज्या मुलांना उद्या दुकानात, हॉटेलात, कारखान्यात नोकरी मागायला जायचंय त्यांनी पेंग्विन घेऊन काय करायचं?

तर मी एक जाड वही आणली आणि टाचण लिहायला लागले. टाचण म्हणजे आज कोणत्या वर्गाला काय शिकवलं, कुठं अडलं, उद्या काय घ्यायचं, याची रोजची नोंद. तुमच्याही बाई लिहितात, टेबलावर असते ती वही. आम्हां शिक्षकांना त्याचा कंटाळा असतो, हे गुपित आज फोडते. पण डी.एड.ला घोटून घेतलेली ती गोष्ट तिथं सोन्यासारखी कामाला आली. वहीच्या पहिल्या पानावर मी इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'रंग, प्राणी आणि एबीसीडी शिकवू नये. मुलांना येतं. शेवटचं पान वाचावं आणि तिथून पुढं सुरू करावं.'

वर्गाला गावातलाच एक तरुण शिक्षकही होता. बाविशीचा, याच वर्गात इंग्रजी शिकून मोठा झालेला, दिवसा शहरात कॉलेजला जाणारा. तो मला 'बाँग' म्हणायचा, म्हणजे ताई. परदेशी पाहुणा आला की हा बिचारा मागं सरायचा, पेनं पुरवायचा, फळा पुसायचा. त्याला वाटे, माझे उच्चार वाईट. ख्मेरमध्ये शब्दाच्या शेवटी स आला की तो ह सारखा होतो. म्हणून हाऊसचं 'हाऊह' व्हायचं. मी म्हटलं, "अरे, मी पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी गिरवली, आणि आम्ही मराठी माणसं इंग्रजीतले दोन्ही व एकाच तोंडानं म्हणतो!" मग रोज तासाभराची तालीम. तो सापासारखा स्‌स्‌स्‌ करायचा आणि मी ओठांचा चंबू करून व, व. येय कोंबड्यांना दाणे टाकताना आमच्याकडं बघून खुदूखुदू हसायची.

फेब्रुवारीपासून मी ठरवलं, फळ्यापाशी तो उभा राहील, मी मागच्या बाकावर. मुलांना आवडलं नाही. "नो, टीचर यू! टीचर यू!" असा गलका. त्याचा चेहरा उतरला. मी काही बोलणार तेवढ्यात ती दोन वेण्यांची मुलगी उठली. कोपऱ्यातल्या आकड्याकडं बोट दाखवून तिनं आधी मला आणि मग त्याला दाखवलं, आणि वर्गाला सुनावलं, "टीचर गो. ही नो गो."

बाई जाणार. हा जाणार नाही.

गलका थांबला. त्यानं तास सुरू केला. मी मागं बसून टाचण लिहीत होते. खरं सांगायचं तर थोडा वेळ अक्षरं नीट दिसत नव्हती.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. येयच्या घरात खुर्ची एकच होती. सगळे खाली चटईवर बसायचे, पण मी आले की येय ती खुर्ची पुसून पुढं करायची. मी चटईवर बसले की तिला चालत नसे. का, ते मला ७ जानेवारीला कळलं. त्या दिवशी तिकडं राष्ट्रीय सुट्टी असते. २०१९ च्या त्या दिवशी चाळीस वर्षं पुरी झाली होती. कशाला? ऐका. एप्रिल १९७५ मध्ये ख्मेर रूज नावाच्या संघटनेनं देश ताब्यात घेतला. शहरं रिकामी केली आणि सगळ्यांना शेतांवर राबायला हाकललं. शाळा बंद. पुस्तकं बंद. शिकलेली माणसं त्यांना शत्रू वाटत. राजधानीतल्या एका हायस्कूलचा तर त्यांनी तुरुंग केला. भूक, आजार आणि हत्या यांत पावणेचार वर्षांत पंधरा ते वीस लाख माणसं गेली, म्हणजे दर चार-पाच माणसांतलं एक. ७ जानेवारी १९७९ ला त्यांची राजवट कोसळली.

त्या संध्याकाळी येयनं सांगितलं. आमचा तरुण शिक्षक मला इंग्रजीत सांगत होता. येय तेव्हा तेरा वर्षांची. तिचा मोठा भाऊ प्राथमिक शाळेत क्रू होता. आपण शिक्षक आहोत हे लपवायचं, असं घरात ठरलं होतं. भाऊ चिखलात मजूर म्हणून राबायचा. पण एके दिवशी कुणीतरी चिठ्ठी वाचता येत नव्हती म्हणून विचारत आलं, आणि यानं वाचून दाखवली. दोन दिवसांनी त्याला बोलावून नेलं. एवढं सांगून येय थांबली. मग म्हणाली, शाळा पुन्हा सुरू झाल्या तेव्हा शिक्षकच उरले नव्हते. ज्याला चार अक्षरं येत होती त्यानं दोन येणाऱ्याला शिकवली. मलाही तेव्हा विचारलं होतं. माझी हिंमत झाली नाही.

ती खुर्ची त्या भावाची नव्हती. ती नंतर घेतलेली, साधी प्लॅस्टिकची लाल खुर्ची. पण त्यानंतर तिनं ती पुढं केली की मी निमूट बसायची.

कोपऱ्यातला आकडा उतरत गेला. शंभर, पन्नास, दहा. एप्रिलच्या मध्याला, सूर्य मेष राशीत जातो तेव्हा, त्यांचं नवं वर्ष सुरू होतं. त्याच्या आधी मी निघणार होते. १२ तारखेला तिनं शून्य काढलं, नीट, वाटोळं. रडली वगैरे नाही. टाचणाची वही मी तरुण शिक्षकाच्या हातात दिली. छप्पन्न पानं भरली होती. शेवटची अठरा त्याच्या अक्षरात होती. येयनं मला ताडगुळाची पुडी बांधून दिली आणि "ञाम बाय" म्हणाली. म्हणजे भात खात जा.

जुलैत, आमच्याकडं भातलावणी चालू असताना, त्याचा फोनवर फोटो आला. वर्गाचा फळा होता. दूरच्या कुठल्या देशातून नवी स्वयंसेविका आली होती, आणि ती मागच्या बाकावर बसली होती. फळ्यापाशी तोच. कोपऱ्यात ओळखीच्या अक्षरात आकडा होता, २१. आणि या खेपेला तिनं त्याच्या शेजारी आणखीही काही लिहिलं होतं. मी फोटो मोठा करून पाहिला. एकवीस दिवसांत टाचणाची कुठून कुठपर्यंतची पानं होतील, याचा हिशेब होता तो. सत्त्याण्णव ते एकशे पाच.